पऱ्हाटीचे काय करायचे? इंदूरच्या तेहतीस खड्ड्यांचा इतिहास

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार इतिहासप्रेमींना पाठ असतो. त्यातले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले; मोगल सरदार बहादूरखानाच्या छावणीशी जोडले गेलेले. हा धागा मात्र दुसऱ्या पेडगावापासून सुरू होतो. परभणीहून मनमाडच्या दिशेने आगगाडी निघाली की काळ्या रानात हे पेडगाव लागते. इथली गोष्ट किल्ल्याची वा लढाईची नाही. ती पऱ्हाटीची आहे.

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात जे वाळके, काटक झाड उभे राहते ती पऱ्हाटी. कुऱ्हाडीने तोडावी तर हात भरून येतात, जमिनीत गाडावी तर ती वर्ष वर्ष कुजत नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याने तिचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. पऱ्हाटी उपटायची, भारे बांधायचे, घराशेजारी गंजी रचायची आणि पावसाळाभर चूल पेटती ठेवायची. तुराट्यांचा कूड व्हायचा, उरलेल्यांचा खराटा. शेणाच्या गोवऱ्या, गोवऱ्यांची राख, राखेने भांडी. सरमाड गुरांपुढे पडायचे आणि गुरांनी टाकलेले चघळ उकिरड्यात जायचे. या घरात 'कचरा' या शब्दाला जागाच फारशी नव्हती.

मग प्रश्न उरतो तो असा. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या एका संशोधन संस्थेने आपल्या आवारातील अशाच पऱ्हाट्या, तुराट्या, तण आणि पालापाचोळा यांचे तीन महिन्यांत उत्तम खत करून दाखवले. ती पद्धत केनियाच्या कॉफीमळ्यांपर्यंत आणि सिलोनच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचली. आधुनिक सेंद्रिय शेतीचा इतिहास तिच्यापासून सांगितला जातो. तरीही कापूसपट्ट्यातील पऱ्हाटी चुलीतच जात राहिली. असे का झाले?

गोष्टीचा पहिला नायक अल्बर्ट हॉवर्ड. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील शेतकरी कुटुंबात १८७३ साली जन्म, वनस्पतिशास्त्राचे शिक्षण, आणि १९०५ साली बिहारमधील पुसा येथील शाही कृषी संशोधन संस्थेत नेमणूक. गव्हाच्या सुधारित वाणांमुळे त्यांचे नाव झाले. त्या कामात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या बरोबरीच्या संशोधक होत्या. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिके कोणतेही औषध न वापरता निरोगी कशी राहतात, हे हॉवर्ड यांनी तेथे पाहिले आणि शेतकरी व किडी हेच आपले खरे शिक्षक, असे पुढे लिहिले. साहेबाच्या काळात साहेबाने असे लिहावे, हे विशेषच.

पुसाला त्यांची तक्रार वेगळी होती. तिथे वनस्पतिशास्त्र एका इमारतीत, रसायनशास्त्र दुसऱ्या, कीटकशास्त्र तिसऱ्या. झाड मात्र एकच. पिकाचा विचार एका छपराखाली, एका माणसाच्या जबाबदारीवर व्हावा, असा आग्रह धरून त्यांनी नवी संस्था मागितली. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने पैसा दिला, मध्य भारतातील संस्थानांनी हातभार लावला आणि होळकर दरबाराने इंदूरजवळ सुमारे ३०० एकर जमीन दिली. गादीवर त्या वेळी तिसरे तुकोजीराव होते. १९२४ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. काम कापसावर करायचे होते. जमीन परभणीसारखीच काळी, पावसात चिखलाने फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी.

कापूस सुधारायचा तर नुसते वाण बदलून भागणार नाही, आधी जमिनीत ह्यूमस हवा, हे हॉवर्ड यांच्या लवकरच ध्यानात आले. ह्यूमस म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा तो काळसर, भुसभुशीत भाग, जो जमिनीत पाणी आणि अन्न धरून ठेवतो. शेणखत हवे तेवढे मिळत नव्हते. रासायनिक खते महाग होती. हाताशी विपुल होते ते एकच: ३०० एकरांच्या आवारात दर हंगामात साठणारे तण, पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट आणि झाडांचा पाला.

कुजवण्याचे शास्त्र तेव्हा अगदीच नवे नव्हते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ साली गव्हाचा पेंढा जनावरांशिवाय कुजवण्याची रीत सांगितली होती. पण तिच्यासाठी 'ॲडको' नावाची भुकटी विकत घ्यावी लागे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर हे सांडपाण्यावरील आपला अनुभव खतनिर्मितीकडे वळवत होते. हॉवर्ड यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकाने. चीन, कोरिया आणि जपानमधील शेतकरी चाळीस शतके त्याच जमिनीत पिके कशी काढत आले, याचे ते वर्णन होते. तेथील शेतकरी टाकाऊ असे काहीच मानत नव्हता. इंदूरला जे घडले त्यात कल्पना पूर्वेची होती आणि मोजमाप पश्चिमेचे.

आता प्रत्यक्ष त्या आवारात जाऊ, कारण सारी गंमत तपशिलात आहे.

संस्थेचा गोठा चाळीस बैलांसाठी बांधलेला होता. जमीन मुद्दाम मातीची ठेवली होती, फरशी नाही. बैलांना मातीवर झोप चांगली लागते हे एक कारण. दुसरे असे, की मूत्र मातीत मुरते. ही मुरलेली माती दर तीन-चार महिन्यांनी सहा इंच खोल काढून घेत आणि नवी माती भरत. काढलेली माती भुकटी करून गोठ्यालगतच्या खोलीत साठवली जाई. इतरत्र वाहून जाणारा नत्र इथे कोठारात जमा होत होता.

गोठ्याच्या शेजारी 'खताचा कारखाना' होता. हॉवर्ड त्याला हेच नाव देत. कारखाना म्हणजे काय, तर तेहतीस खड्डे. प्रत्येक ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल, कडा उतरत्या. खड्डे जोडीजोडीने खणलेले आणि रांगांच्या मधून भरलेली बैलगाडी सहज जाईल इतकी वाट. खोली दोनच फूट का? त्याहून खोल गेले की तळाशी हवा पोहोचत नाही, आणि हवा नसेल तर कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. उकिरडा आणि कंपोस्ट यांतला फरक इथेच आहे. उकिरड्याला दुर्गंधी येते, माश्या घोंगावतात. नीट हवा मिळालेल्या खड्ड्याला पावसाने भिजलेल्या रानाचा वास येतो.

पऱ्हाटीचा प्रश्न तिथेही होताच. इतके टणक लाकूड सूक्ष्मजीवांनी खावे कसे? उत्तरासाठी यंत्र आणले नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातल्या रस्त्यांवर पसरून ठेवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी त्या दिवसेंदिवस चिरडल्या जात. पुरेशा मऊ झाल्या की उचलून गंजीत. हिरवे तण आधी वाळवून घेत. अशा निरनिराळ्या पदार्थांचे मिश्रण रोज संध्याकाळी बैलांखाली अंथरले जाई. रात्रभर बैल त्यावर बसत, तुडवत, मूत्राने भिजवत. सकाळी ते अंथरूण दोन बांबूंना ताडपत्रीसारखे गोणपाट ठोकून केलेल्या झोळीत भरून खड्ड्याकडे नेले जाई.

खड्ड्यात थर द्यायचे: अंथरूण, त्यावर शेण, मूत्राची माती आणि लाकडाची राख पाण्यात कालवून केलेला सडा, पुन्हा अंथरूण. राख आम्लता कमी करते, शेण जिवाणूंचे विरजण पुरवते. चांगल्या चाललेल्या जुन्या खड्ड्यातील बुरशीयुक्त मालही नव्यात मिसळत, दुधाला विरजण लावावे तसाच. काही दिवसांत खड्ड्याचे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढे. हात घालणे अशक्य. याच उष्णतेने तणांचे बी आणि रोगजंतू मरत. मग तीन वेळा खालीवर करायचे: पहिल्यांदा साधारण पंधरवड्याने, दुसऱ्यांदा महिन्याने, तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी पाणी. नव्वद दिवसांनी खत तयार. कर्ब आणि नत्र यांचे जे प्रमाण सुरुवातीला साधारण ३३ ला १ असे, ते उतरून १० ला १ च्या आसपास येई. जमिनीला नेमके तेच हवे असते.

पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात. म्हणून जून ते सप्टेंबर काम जमिनीवर चाले: तळाशी ८ फूट चौरस, माथ्यावर ७ फूट चौरस आणि २ फूट उंच असे ढीग. मालव्यातील पाऊस पाहूनच हे ठरले. पुस्तकात बसून सुचलेली ही पद्धत नव्हती.

एवढे काम करायला माणसे लागत. हॉवर्ड यांनी मजुरांना नियमित वेतन, राहायला घरे आणि इतरत्रपेक्षा कमी तासांचा दिवस दिला होता. ज्या काळात शेतमजुराला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबावे लागे, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. खताचे गणित सांगताना बहुतेक लेखक हा भाग गाळतात.

आणखी एक नाव गाळले जाते. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या कामाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर'. मुखपृष्ठावर लेखक दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेचे रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक. खड्ड्याचे तापमान किती चढले, नत्र किती टिकला, किती उडाला, कोणत्या मिश्रणात कर्ब किती, हे सारे प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय 'इंदूर पद्धती' ही केवळ एका साहेबाची हौस ठरली असती. तिला शास्त्र बनवणारे आकडे रसायनशाळेतून आले. आज इंटरनेटवर 'हॉवर्ड मेथड' शोधले तर शेकडो पाने मिळतात. वाड यांचे नाव त्यांतल्या फार थोड्यांवर दिसते.

हॉवर्ड १९३१ साली भारत सोडून गेले. आदल्याच वर्षी गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. वाड मागे राहिले आणि काम पुढे नेत राहिले. एफ. के. जॅक्सन यांच्यासमवेत त्यांनी शेतातील कचऱ्यावरून वस्तीतील कचऱ्याकडे मोर्चा वळवला. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि मालवा भिल्ल पलटणीची छावणी या तीन ठिकाणी शहरातला केरकचरा आणि मैला एकत्र कुजवून निर्धोक खत करण्याचे प्रयोग झाले. त्यांचा वृत्तान्त १९३४ साली प्रसिद्ध झाला. २०१७ पासून इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे गौरवले गेले, तेव्हा या तीन प्रयोगस्थळांची आठवण किती जणांना झाली असेल?

जाता जाता आणखी एक मराठी नाव. भारतीय कृषिसांख्यिकीचे एक आद्य अभ्यासक विनायक गोविंद पानसे याच संस्थेत काम करीत होते. वाड आणि पानसे यांनी मालव्याच्या काळ्या जमिनीतील नत्राच्या जमाखर्चावर एकत्र लिहिले आहे. पुढे पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे कृषिसंशोधकांसाठीचे सांख्यिकीचे पुस्तक देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

पद्धत बाहेर पडली ती झपाट्याने. केनियातील कॉफीचे मळे, आसाम आणि सिलोनमधील चहाचे मळे, आफ्रिकेतील इतर बागायती. हॉवर्ड यांना १९३४ साली 'सर' हा किताब मिळाला. १९४० साली त्यांचे 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' निघाले आणि इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीला तो आधारग्रंथ झाला. यादीकडे नीट पाहावे. मळेवाले, कंपन्या, संस्था. ज्यांच्याकडे एका मालकीची मोठी जमीन होती, स्वतःची गुरे होती, पाणी होते आणि पगारी माणसे होती, त्यांनी ही पद्धत उचलली. थोडक्यात, ज्यांची जागा इंदूरच्या आवारासारखी होती त्यांनीच.

परभणीच्या शेतकऱ्याकडे यांपैकी काय होते? दोन बैल, तेही जोडीने भाड्याचे नसले तर. उन्हाळ्यात विहिरीला पाणी जेमतेम पिण्यापुरते, आणि खड्डे भरून ओले ठेवायचे ते नेमके उन्हाळ्यात. पंधरवड्याने, महिन्याने, दोन महिन्यांनी शेकडो पाट्या माल खालीवर करायला वेगळे मजूर कोठून आणायचे? या साऱ्यावर कडी म्हणजे चूल. पऱ्हाटी खड्ड्यात गेली तर भाकरी कशावर भाजायची?

चुलीचा हा प्रश्न सरकारला चाळीस वर्षे आधीच सांगितला गेला होता. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला ब्रिटिश सरकारने १८८९ साली भारतीय शेतीच्या पाहणीसाठी पाठवले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी बजावले, की भारतीय शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे. त्याला सरपण मिळत नाही म्हणून. जिथे लाकूड मिळते तिथे तो शेण शेतातच घालतो. म्हणून गावोगावी सरपण आणि चारा देणारी राखीव राने लावा, असा त्यांचा सल्ला होता. वनखात्याचे धोरण मात्र इमारती लाकडाकडे आणि महसुलाकडे पाहत राहिले. १९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगालाही शेण जाळण्याच्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. खत आणि जळण यांचे भांडण इंदूरच्या खड्ड्यांच्या फार आधीपासून चालू होते. संस्थेच्या ३०० एकरांत ते उमटले नाही, कारण तिथल्या पऱ्हाटीवर कोणाच्या भाकरीचा हक्क नव्हता.

गांधीजींनी ही पद्धत गावाच्या बाजूने वाचली. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले असताना त्यांनी संस्थेतील कंपोस्टचे काम पाहिले, आणि त्याच वर्षी 'हरिजन' पत्रातून या पद्धतीचा परिचय वाचकांना झाला. त्यांना त्यात दोन गोष्टी दिसत होत्या. एक, गावाची घाण गावाच्या धनात बदलते. दोन, मैला वाहण्याच्या कामावर लादलेला जातीचा कलंक पुसण्याची एक वाट त्यातून निघू शकते. फाळणीच्या धामधुमीतही, डिसेंबर १९४७ मध्ये, मीराबेन यांच्या पुढाकाराने दिल्लीत कंपोस्ट परिषद भरली होती आणि गांधीजींनी तिच्याविषयी लिहिले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांची हत्या झाली.

शेतकऱ्याच्या अडचणींना शेतकऱ्याच्याच अंगाने उत्तर मिळाले ते परभणीपासून फार दूर नसलेल्या पुसदला. यवतमाळ जिल्ह्यातील हे गाव पैनगंगेच्या पलीकडे. अलीकडे हिंगोली, जी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे हे गांधीविचाराचे शेतकरी. नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'नाडेपकाका' म्हणू लागले आणि त्यांच्या खताला 'नाडेप'. वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी जी रीत बसवली तिच्यात इंदूर पद्धतीचा एकेक अडसर काढलेला दिसतो.

खड्ड्याऐवजी जमिनीवर विटांचे टाके: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतींच्या विटांमध्ये मुद्दाम भोके ठेवलेली. हवा या भोकांतून आपोआप खेळते, त्यामुळे माल खालीवर करण्याची गरजच उरत नाही. मजुरीचा मोठा खर्च इथेच वाचला. एका टाक्याला काडीकचरा सुमारे १,४०० ते १,५०० किलो, शेण अवघे ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती सुमारे १,७५० किलो आणि पाणी १,५०० ते २,००० लिटर. चाळीस बैलांचा गोठा नको, दोन बैलांचे शेण पुरे. मातीचा वाटा पाहून नवशिका गोंधळतो. पण हीच माती ओल धरते आणि नत्र उडून जाऊ देत नाही. इंदूरच्या गोठ्यातील मूत्राची माती जे काम करी, त्याच्याशी हिचे नाते जवळचे आहे.

भरणी एक-दोन दिवसांत उरकायची. सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर मातीचा थर, असे अकरा-बारा थर. टाक्याच्या तोंडावर दीड फूट उंच झोपडीसारखा आकार देऊन शेणमातीने लिंपून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचे. भेग पडली की सारवायचे. तीन-चार महिन्यांनी सुमारे तीन टन खत. लिंपणे, सारवणे, शेणकाला करणे या गोष्टी मराठी घराला शिकवाव्या लागत नाहीत. पद्धत महाराष्ट्रात पसरली, मध्य प्रदेशातही सरकारी योजनांतून गावोगाव टाकी बांधली गेली. त्यातील कित्येक टाकी पुढे रिकामीच राहिली किंवा पाण्याची टाकी समजून वापरली गेली, हेही खरे. अनुदान संपले की उत्साह संपतो असा आपला जुना अनुभव आहे.

पुसदचा आणखी एक धागा परभणीला येऊन मिळतो. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १८ मे १९७२ रोजी, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. प्रदेशाच्या दीर्घ मागणीचे ते फळ होते. पाया त्याहून जुना. निजाम राजवटीत १९१८ साली इथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले होते, म्हणजे हॉवर्ड इंदूरला येण्याआधी सहा वर्षे. कृषी महाविद्यालय १९५६ चे. २०१३ साली विद्यापीठाला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ जन्मले ते वर्ष महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे. त्या वर्षी मराठवाड्यात गुरे चाऱ्याविना गेली, माणसे खडी फोडायला रोजगार हमीच्या कामांवर गेली, पुण्या-मुंबईच्या वाटेला लागली. ज्या गोठ्यावर हॉवर्ड आणि वाड यांचे सारे गणित उभे होते तो गोठाच या भागात त्या वर्षी रिता झाला.

त्यानंतरच्या दशकांत ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, गोवऱ्यांचे कलवड लहान होत गेले. आता स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे, जरी सिलिंडर संपल्यावर चूल पुन्हा पेटते. विद्यापीठांच्या आवारांवर 'घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६' नुसार आपला ओला कचरा आपणच जिरवण्याची जबाबदारी येऊन पडली. ९० वर्षांपूर्वी इंदूरच्या संस्थेने जे कोणी न सांगता केले, ते आता राजपत्रात छापून सांगावे लागते.

पऱ्हाटीची कथा मात्र २०१७ साली अनपेक्षित वळणावर आली. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील बीटी कापूस पोखरला. या किडीची एक खोड अशी, की हंगाम संपल्यावर ती शेतात उरलेल्या बोंडांत, नखांत आणि पऱ्हाटीत सुप्तावस्थेत दडून बसते आणि पुढच्या पेऱ्याची वाट पाहते. घराशेजारी, बांधावर वर्षभराच्या जळणासाठी रचलेली गंजी तिला आयतेच घर ठरते. तेव्हापासून कृषी विद्यापीठे आणि कृषी विभाग दर वर्षी कळकळीने सांगतात: फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस मोडा, पऱ्हाट्यांची गंजी बांधावर ठेवू नका, यंत्राने बारीक तुकडे करून त्यांचे कंपोस्ट करा.

इंदूरला बैलगाडीच्या चाकाखाली चिरडली गेलेली पऱ्हाटी आता श्रेडरच्या पात्यांखाली जाऊ शकते. पण श्रेडरला ट्रॅक्टर हवा, ट्रॅक्टरला भाडे हवे आणि डिसेंबरमध्ये कापूस मोडणाऱ्याला फरदडीच्या चार क्विंटलांवर पाणी सोडावे लागते. गॅस भरायला पैसे नसलेल्या घराने जळण कोठून आणायचे हा व्होल्कर यांचा प्रश्नही संपलेला नाही. फेब्रुवारीत परभणी-मनमाड गाडीच्या खिडकीतून पाहावे. कुठे नांगरट झालेले मोकळे रान दिसते, कुठे शेताच्या कडेला पेटवलेल्या पऱ्हाटीचा धूर, आणि वस्तीजवळ अजूनही, नीट रचून, वरून कडब्याने शाकारून ठेवलेली एखादी गंजी.